देवखोल, लोकसंख्या शून्य

सोमवारी सकाळी मी नातेवाइकांचे फोन घेत नाही. सोमवारी आमच्या कार्यालयात नकाशा येतो, आणि नकाशा आला की जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आपली एखादी आत्या, मेव्हणी किंवा शाळेतले जुने मास्तर आठवतात, ज्यांच्या गावाला या आठवड्यात लस मिळायलाच हवी असते. पहिल्या वर्षी मी सगळ्यांशी नीट बोलायचे. दुसऱ्या वर्षी नुसतं ऐकून घ्यायचे. आता फोन टेबलाच्या खणात टाकते आणि फैयाज मुकादमला चहा सांगायला लावते.

त्या सोमवारी चहाबरोबर फैयाज कार्यालयाचा फोनही घेऊन आला.

"मॅडम, तुमचे भाऊ आहेत. म्हणतात ओळखीचं काम नाही, तक्रार आहे."

फैयाज माझा मदतनीस. तक्रार घ्यावीच लागते हे त्याला आणि माझ्या भावाला, दोघांनाही माहीत होतं. मी फोन घेतला.

"दर्शू," उल्हासदादा म्हणाला, "माका येक सांग. आमी मेलो काय?"

"सोमवार आसा दादा. सरळ बोल."

"सरळच बोलतंय. तुमची लशीची गाडी आमच्या गावातसून वर सड्यार जाता आणि तशीच परत येता. मी आज ती आडयलंय. डायवर म्हणता, तुमच्या गावात मशीनीत कोणच नाय. म्हणान इचारलंय."

मी त्याला नेहमीचं उत्तर दिलं. तुमच्या गावात धोका कमी असेल, म्हणून लस आली नसेल, बरंच आहे की. हे उत्तर मी झोपेतही देऊ शकते. तो म्हणाला, "चार माणसां हास्पिटलात आसत गो आमची." मग त्यानं फोन ठेवला.

उल्हासदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही देवखोलचे घाडी. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि देवाचा कौल लावायचा, हा आमच्या घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. वडील गेल्यावर तो दादाकडे आला. माझ्याकडे संख्याशास्त्र आलं. तो मला चिडवायचा, आपल्या दोघांचा धंदा एकच, फक्त तुला पगार मिळतो.

गोचीडताप आमच्या भागात आला त्याला पाच-सहा वर्षं झाली. पालापाचोळ्यातली बारीक गोचीड चावते आणि आठवड्याभरानं ताप चढतो. बरेचसे लोक उठतात. काही उठत नाहीत. चावण्याआधी लस टोचली तर तो मोसम माणूस सुरक्षित राहतो. पण लस बनते थोडी आणि टिकतेही थोडे दिवस, त्यामुळे ती कुठे पाठवायची हा प्रश्न दर आठवड्याला नव्यानं सोडवावा लागतो. तो आमचं यंत्र सोडवतं.

त्यात जादू काही नाही. जिल्ह्याचे लहान लहान चौकोन पाडलेले आहेत. प्रत्येक चौकोनाबद्दल यंत्र एकच गोष्ट विचारतं, की पुढच्या महिन्यात इथे किती माणसं आजारी पडण्याची शक्यता आहे. त्यासाठी ते इथे गेल्या काही आठवड्यांत काय झालं ते बघतं, आजूबाजूच्या चौकोनांत काय झालं ते बघतं, आणि इथली माणसं कुठे जातात-येतात ते बघतं. एखाद्या वाडीत एकच रुग्ण सापडला तर तो योगायोग की साथीची सुरुवात, हे एकट्या वाडीकडे बघून कळत नाही. शेजारच्या वाड्यांत आणि मागच्या आठवड्यांत डोकावलं की अंदाज येतो. जिथे माहिती तुटपुंजी असते तिथे यंत्र शेजाऱ्यांची उसनी घेतं. आमच्याकडे विरजण असंच फिरतं.

पण त्याआधी एक साधी गोष्ट माहीत असावी लागते. चौकोनात राहतं कोण? शिरगणतीवर कोकणात विसंबता येत नाही, कारण निम्मी नावं गावात आणि माणसं मुंबईत. म्हणून यंत्र मोबाइल बघतं. फोन रात्री जिथे असतो तिथे माणूस राहतो असं धरायचं. हे मोजमाप तीन वर्षांतून एकदा, डिसेंबरातल्या तीन रात्री, राज्यभर एकाच वेळी होतं. सण नाही, शाळेला सुट्टी नाही, लग्नसराई नाही, अशा रात्री पुण्याच्या संस्थेनं निवडल्या होत्या.

दादाचा फोन ठेवल्यावर मी देवखोलचा चौकोन उघडला. लोकसंख्या शून्य. शेजारी कवठारचा सडा. तिथे नुसता कातळ आहे, उन्हाळ्यात गवताची काडीही नसते. तिथली लोकसंख्या दोन हजारांच्या घरात.

मी त्या तीन रात्रींच्या तारखा काढून पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. त्या गावपळणीच्या रात्री होत्या.

आमच्याकडच्या काही गावांत गावपळण असते. तीन-चार वर्षांतून एकदा देव कौल देतो, आणि अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारेकोतारे घेऊन वेशीबाहेर जाऊन राहतं. तीन दिवस, तीन रात्री. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. देवखोलची माणसं सड्यावर झावळ्यांच्या खोपी उभ्या करतात, भजनं म्हणतात, एरवी तोंड न बघणारे भाऊबंद एका रांगेत जेवतात. तारीख कुठल्याही कॅलेंडरात नसते, ती कौलावर ठरते. पुण्यातल्या माणसांनी सगळे सण तपासले होते, पण आमच्या देवाच्या मनात काय आहे हे त्यांना कोण सांगणार?

तर यंत्राच्या लेखी देवखोल निर्मनुष्य होतं आणि दोन हजार माणसं कातळावर राहत होती. देवखोलच्या कुणाला ताप आला की यंत्र मोजणीतला त्याचा मुक्काम बघायचं आणि रुग्ण सड्यावर नोंदवायचं. सड्यावर रुग्ण वाढले म्हणून सड्याला जास्त लस जायची. गाडी वर जाऊन उन्हात उभी राहायची, कोणी आलं नाही म्हणून परत यायची, आणि बर्फ वितळून खराब झालेली लस टाकून दिली जायची. चूक एकदा झाली होती. पुढे ती स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत राहिली.

मी पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता, माझ्याइतकाच दमलेला होता.

"मॅडम, पण तुमचा तो सड्याचा चौकोन फार चांगला बसतोय," तो म्हणाला. "आमचा अंदाज आणि प्रत्यक्ष रुग्ण, जवळपास तंतोतंत. अशा चौकोनाला हात लावायचा म्हणजे..."

"तिथे माणसं नाहीत."

"तुम्ही लिहून पाठवा. तक्रारींची फेरमोजणी पावसाळ्यानंतर आहे."

काजूचा मोसम तेव्हा नुकता भरात आला होता. काजू गोळा करायचा म्हणजे दिवसभर पाचोळ्यात वाकायचं. पावसाळ्यापर्यंत देवखोलात काय होईल हे कळायला मला यंत्राची गरज नव्हती.

एक बटण माझ्याकडे होतं. हस्तदुरुस्ती म्हणतात त्याला. मी एखाद्या गावाचा वाटा हातानं वाढवू शकते. पण तो वाटा कुठून काढायचा ते मी ठरवत नाही, यंत्र ठरवतं. मी देवखोलचं नाव टाकून नुसतं चाचपून बघितलं. यंत्रानं सड्याला हात लावला नाही, तो तर त्याचा लाडका. त्यानं वाघेरीची लस काढली. वाघेरीतल्या शाळेच्या वसतिगृहात त्या आठवड्यात सात मुलं तापानं पडली होती.

आणि समजा वाघेरी नसती, तरी मी ते बटण दाबलं नसतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्यानं एकदा सासुरवाडीसाठी ते दाबलं होतं. गोष्ट फुटली. त्यानंतर तिथला नकाशा खरा आहे यावर कुणीच विश्वास ठेवेना. ज्यांच्या गावाला गाडी जात नव्हती ते रस्त्यावर झाडं पाडून दुसऱ्यांची गाडी अडवायला लागले. त्या मोसमात तिथे जितकी माणसं गेली त्यातली अर्धी तापानं नाही, अविश्वासानं गेली, असं माझं मत आहे. आणि देवखोल तर माझं माहेर. मी आतापर्यंत कुणासाठी आकडा बदलला नव्हता, एवढीच माझी कमाई होती.

मी हे फैयाजला सांगत होते. तो बिस्किट बुडवत ऐकत होता.

"मॅडम, लस तर तिथे जातेच आहे," तो म्हणाला. "माणसंच तिथे नाहीत. माणसं न्या."

 इतकं सोपं होतं ते, आणि इतकं सोपं नव्हतंही. गाडीवरची परिचारिका लस टोचण्याआधी माणसाचा फोन तपासते. मागच्या तीन रात्री त्याच चौकोनात काढल्या असतील तरच टोचते, नाहीतर चार गावांची माणसं एका गाडीमागे धावतील. म्हणजे अख्ख्या देवखोलनं ऐन काजूच्या दिवसांत, पिकलेली बोंडं झाडाखाली पडू देऊन, तीन रात्री कातळावर जाऊन राहायचं. लसीसाठी कोणी गेलं नसतं. चारजण गेले असते, बाकीच्यांनी उद्या बघू म्हटलं असतं. अख्खं देवखोल एकदम घराबाहेर पडतं ते एकाच्याच सांगण्यावरून.

शनिवारी मी गावी गेले. दादा बागेत होता. झाडाखाली वाकून बोंडं उचलत होता, बी पिरगळून काढत होता आणि टोपलीत टाकत होता. पायांना त्यानं रॉकेल चोळलं होतं. गोचिडीवर गावाचा हा घरगुती उपाय, त्याचा उपयोग होत नाही हे मी त्याला अनेकदा सांगितलेलं. त्याची पन्नाशी कधीच उलटली होती, आणि वाकलेला बघितला की वडीलच वाटायचा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात न थांबवता ऐकलं.

"मगे आता काय म्हणतंस?"

"परत गावपळण कर. ह्याच आठवड्यात. बेस्तरवारी गाडी येतली, तेच्या आदी तीन राती सड्यार काडूक व्हयेत."

"गावपळण मी करतंय? देव करता. कौल लावतंय उद्या. उजवो दिल्यान तर गाव जातलो, डावो दिल्यान तर नाय."

"दादा, डावो येवन चलाचा नाय."

तो सरळ उभा राहिला. कंबरेवर हात ठेवून हसला. "मगे इचारूचा कित्याक?"

"दोन हजार माणसां आसत."

"मी मोजूक नाय, पण आसतली तितकी." त्यानं टोपली झाडाच्या बुंध्याशी ठेवली. "तुजो हात पोचता मां मशीनीत? बदल आकडो."

"माका तां जमाचा नाय. येकदा हात घातलंय की माज्या नकाशार कोण इस्वास ठेवचो नाय."

"आणि माज्या कौलार ठेवतले?"

   मी त्याच्याकडे जे मागत होते ते मी स्वतः देणार नव्हते, आणि हे आम्हा दोघांनाही नीट कळलं होतं. मला लाज वाटली, पण मागणं मी परत घेतलं नाही. वहिनीनं घरातून चहाला हाक मारली तेव्हा त्यानं टोपली उचलली.

"इचारतंय उद्या," तो म्हणाला. "इचारूक काय जाता?"

रविवारी सकाळी देऊळ भरलं होतं. आमच्या गावात कौल लावायला गाभाऱ्यात घाडी एकटा जातो. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाहेरच्यांना आतलं दिसत नाही. ते घाड्याचा आवाज ऐकतात आणि घाडी बाहेर येऊन जे सांगेल ते मानतात. घाडी खोटं बोलेल अशी शंकाही कधी कुणाला आली नाही, म्हणून ही रीत टिकली.

मी खांबाला टेकून उभी होते. आतून दादाचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तुजी लेकरां आज आडवेळेक तुज्या दारात उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"गावार रोगाचो फेरो इलेलो आसा. गाव भायर काडूचो काय नाय, तो तुजो हुकूम दी."

"व्हय म्हाराजा."

मग शांतता. नेहमीपेक्षा ती जास्त लांबली. पहिले मानकरी बाळा परब घशात खाकरले. पुन्हा एकदा दादाचं गाऱ्हाणं ऐकू आलं, या वेळी हळू, शब्द कळत नव्हते. मग तो बाहेर आला. कपाळावरचा घाम उपरण्यानं पुसला आणि लोकांकडे बघून म्हणाला, "उजवो."

एवढंच. लोक लगेच उठले. कुणी म्हणालं, काजू कुजतली. बाळा परबांनी त्याला झापलं, देवापरास काजू मोठी काय तुजी? संध्याकाळपर्यंत खोपींसाठी झावळ्या सड्यावर पोचायला लागल्या होत्या. मी दादाला शोधलं. तो घरामागे हात धूत होता. मी म्हटलं, सुटले बघ मी, देवानं तुझी माझी लाज राखली. तो म्हणाला, व्हय. मी इतकी हलकी झाले होते की त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं नाही.

गुरुवारी गाडीबरोबर मीही सड्यावर गेले. कातळावर माणसं, बैल, पातेली, वाळत घातलेली लुगडी आणि रडणारी पोरं यांची जत्रा लागली होती. परिचारिका फोन तपासत होती आणि दंडात सुई टोचत होती. यंत्राला जे दिसायचं ते त्या दिवशी पहिल्यांदाच खरं होतं. मला बरं वाटलं हे मी कबूल करते. कितीतरी दिवसांनी मला या नोकरीत बरं वाटलं होतं.

वहिनीनं दोन फोन पुढे केले. एक तिचा, एक दादाचा.

"दादा खंय?" मी विचारलं.

"ते नाय इले. ह्या खेपेक देवान तेंका पाठी रवाक सांगलेला आसा. आडवेळेची गावपळण म्हणान देवळात कोणतरी व्हया, म्हणालेत."

असं मी कधी ऐकलं नव्हतं. गावपळणीत घाडीसुद्धा बाहेर पडतो, आमचे वडील पडायचे. पण वहिनीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि देवाच्या कामात घाड्यापेक्षा जास्त कळणारं तिथे कोण होतं? मी परिचारिकेला विचारलं, एक लस घेऊन मी खाली जाते. ती म्हणाली, फोन आहे, पण माणूस समोर लागतो. बाळा परब म्हणाले, गाव भरायच्या आधी वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, बाय. तू घाड्याची मुलगी, तुला मी सांगायला हवं? मी ऐकलं. पुढच्या आठवड्यात दादाला तीन रात्री सड्यावर ठेवून टोचून घेऊ, असा मी मनात हिशेब केला.

सगळ्यांना टोचेपर्यंत रात्र झाली, म्हणून गाव शुक्रवारी परत भरलं. मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. प्रत्येक घराच्या खळ्यात, उंबऱ्याजवळ, काजूबियांची रास होती. मोठ्या बागेवाल्याच्या दारात मोठी, विधवा जनाकाकीच्या दारात तिच्या तीन झाडांची ओंजळभर. कुजलेलं काही नव्हतं. बोंडं बाजूला काढलेली, बी स्वच्छ. लोक उभ्या उभ्या देवळाकडे तोंड करून हात जोडायला लागले. जनाकाकी म्हणाली, देवानं स्वतः येचल्यान.

दादा आमच्या खळ्यात बसला होता. त्याची बोटं काजूच्या चिकानं काळी पडली होती आणि कातडी जागोजाग सोलली होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"किती बागा फिरलंस?"

"मोजूक नाय."

"पाचोळ्यात तीन दिस?"

"लोकांका देवान भायर काडल्यान. तेंचा नुकसान होवक नको," तो म्हणाला आणि वहिनीकडे पाणी मागितलं.

आठव्या दिवशी त्याला ताप चढला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी मी बसून होते. वहिनीला मी जेवायला पाठवलं होतं. दुपारची वेळ होती, पंखा कुरकुरत होता. हिरड्यांतून रक्त येत होतं, पण तो शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पयलो डावो पडलो."

मला कळायला वेळ लागला.

"मी म्हटलंय, परत लावया. दुसरोय डावोच. मगे भायर इलंय आणि उजवो म्हणान सांगलंय."

"दादा."

"काय करतलंय? भायर पोरां बसलेली. देवाक काय, तेका गोचीड चावणा नाय."

"आणि पाठी कित्याक रवलंस?" मी ओरडले. बाजूच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. "गेलं असतंस तर तुकाय लस मिळाली असती."

तो माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसा बघत राहिला. "देवान नको म्हटल्यान मां? मगे गावातल्या येकान तरी तेचा आयकाक नको?"

मी रडले. मी त्याला म्हटलं की चूक माझी आहे, आकडा मी बदलायला हवा होता, वाघेरीच्या मुलांसाठी मी कुठूनही भीक मागून लस आणली असती. त्यानं मान हलवली. तुझं बरोबर होतं म्हणाला. दोघांनीही हात घातला असता तर माणसांनी बघायचं कुणाकडे? मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. मी माझे हात स्वच्छ ठेवले आणि त्याला त्याचे काळे करायला लावले, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही.

"गावात सांगू नको," तो म्हणाला. "वैनीकय नको."

तिसऱ्या दिवशी तो गेला. यंत्रात त्याची नोंद झाली, मुक्काम कवठारचा सडा. देवखोलात त्या मोसमात दुसरं कुणी दगावलं नाही. सड्यावरचे रुग्ण एकदम घटल्याबद्दल पुण्याच्या माणसानं माझं अभिनंदन केलं, आणि मी आभार मानले.

बाराव्याला अख्खं गाव आलं होतं. आमच्या खळ्यात पंगती उठत होत्या. लोक माझ्याशी नीट बोलत होते, पण मी जवळ गेले की काहीजण बोलणं थांबवत होते. काय चाललं आहे ते मला थोडं कळत होतं. जेवणं आटोपल्यावर बाळा परब काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी बसले. ऐंशी ओलांडलेले आहेत. वडिलांचे मित्र.

"बाय, येक इचारूचा होता," ते म्हणाले. "रागाव नको."

"इचारा, काका."

"गावात बोलतत. कौल उजवो होतो, तर देवान आपल्या घाड्याक न्हेल्यान कित्याक? कोण म्हणता, घाड्यान काय तरी लपयल्यान. मी तेंका गप केलंय. पण माज्याय मनात येता." ते काठीच्या मुठीकडे बघत होते. "तुज्या भावाच्या जागेर आता तेचो चुलतपुतण्यो बसतलो. लोकांनी तेच्यार इस्वास ठेवूचो काय नाय, तां आज ठरतला. तू शेवटाक तेच्याकडे होतंस. तुका तो खोटा सांगाचो नाय, आणि तू कुणाक खोटा सांगूचंस नाय, ह्या जिल्ह्याक म्हायत आसा. उजवोच होतो मां?"

वीस वर्षांच्या नोकरीत मी लोकांना उत्तरं देत आले आहे. मंत्र्यांना, पत्रकारांना, मूल गमावलेल्या बापांना. बहुधा, शक्यता आहे, माहिती अपुरी आहे. कुणाचं समाधान व्हावं म्हणून मी एक दशांशही इकडचा तिकडे केला नव्हता. पंगतीत वाढणाऱ्यांचे हात थांबले होते. वहिनी दारात उभी होती.

"उजवोच होतो, बाळाकाका," मी म्हणाले. "दोनदा लावल्यान. दोनीय खेपेक उजवो."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ते काठी टेकत उठले आणि खळ्यातल्या माणसांना ते सांगायला गेले.